गार्नेटला टम्बलरमध्ये झिलई कशी द्यावी

टम्बलर म्हणजे खडे, पाणी आणि घासणारी पूड भरलेले बॅरल सतत फिरवणारे यंत्र. त्यात अकीक, जास्पर घोटायची सवय असेल तर गार्नेट हाती घेताना ती सवय थोडी बाजूला ठेवा. कठीणपणा जवळपास तेवढाच, मोहस मापावर ६.५ ते ७.५. पण अकीक चिवट असतो आणि गार्नेट ठिसूळ. शिवाय ते जड असते: लाल-जांभळे अल्मंडाइन गार्नेट पाण्याच्या सुमारे चौपट, अकीक मात्र २.६ पट. असे जड, ठिसूळ खडे एकमेकांवर आपटले की टवके उडतात. म्हणून या कामात यंत्रापेक्षा खड्यांची निवड आणि सोबत घालायची भर जास्त महत्त्वाची.

दख्खनच्या काळ्या पाषाणात अकीक भरपूर सापडतो, गार्नेट नाही. ते प्रचंड दाब आणि उष्णतेने रूपांतर झालेल्या खडकांत, विशेषतः अभ्रकी शिस्टमध्ये तयार होते. राजस्थानात टोंक जिल्ह्यातल्या राजमहालच्या खाणी त्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. जयपूरच्या बाजारात त्याला तामडा म्हणतात.

निवड

खडे ओले करा आणि मागून टॉर्च धरा. आरपार गेलेली भेग दिसली तर खडा बाजूला काढा, कारण तो बॅरलमध्ये फुटेल आणि त्याचे धारदार तुकडे बाकीच्यांना ओरखडतील. टॉर्चच्या उजेडातही काळाच दिसणारा खडा झिलईनंतरही काळाच राहील. गार्नेटचा लाल रंग इतका गडद असतो की तो लहान किंवा चपट्या खड्यातच खुलतो, म्हणून ८ ते १२ मिलिमीटरचे खडे मला सर्वांत योग्य वाटतात. खड्याला चिकटलेले अभ्रक आणि शिस्ट आधी खरवडून काढा, नाहीतर ते भुगा होऊन पुढच्या प्रत्येक टप्प्यात नडेल. आणि बारा पैलूंचा अखंड स्फटिक मिळाला तर कृपा करून तो टम्बलरमध्ये टाकू नका. निसर्गानेच घडवलेले ते पैलू एकदा गोल झाले की परत येत नाहीत.

बॅरल भरताना

गार्नेट साधारण एक चतुर्थांश आणि बाकी लहान-मोठ्या सिरॅमिक गोळ्या, असे मिश्रण घ्या. गोळ्या धक्का झेलतात आणि पूड खड्यांच्या खोबणीपर्यंत पोचवतात. बॅरल दोन-तृतीयांश भरावे, पण नुसत्या पातळीवर भरवसा ठेवू नका. गार्नेट जड असल्याने त्याच पातळीला वजन जास्त भरते आणि लहान मोटरवर ताण येतो. खडे, गोळ्या, पाणी आणि पूड असे सगळे मिळून वजन यंत्राच्या क्षमतेत बसायला हवे. पाणी खड्यांच्या वरच्या थरापेक्षा किंचित खाली ठेवा.

घोटणे

दीड किलोच्या बॅरलला सिलिकॉन कार्बाइडची पूड चार मोठे चमचे पुरते. खाणीतून आलेले टोकदार खडे असतील तर ६०/९० नंबरपासून सुरुवात करा (नंबर जितका मोठा, तितकी पूड बारीक). नदीच्या वाळूतले, आधीच गोल झालेले खडे असतील तर हा टप्पा सोडून थेट १२०/२२० घ्या. लहान खडा भरड पुडीत विनाकारण झिजतो. त्यानंतर ५०० नंबर. प्रत्येक टप्पा साधारण सात दिवस अखंड चालवा. भरड टप्प्यात कडा राहिल्या असतील तर ताजी पूड घालून आणखी आठवडा द्या, कारण भरड टप्प्यात राहिलेला खड्डा झिलईने कधीच बुजत नाही. सुरुवातीचे काही दिवस रोज झाकण उघडून आत साठलेला वायू जाऊ द्या.

टप्पा बदलताना खडे, गोळ्या, बॅरल, झाकणाची खाच, सगळे ब्रशने घासून धुवा. भरड पुडीचा एक कण झिलईच्या बॅरलमध्ये शिरला तर आठवड्याचे काम वाया जाते. शक्य असल्यास झिलईसाठी वेगळे बॅरल आणि वेगळ्या गोळ्या ठेवा.

धुतलेला गाळ मोरीत ओतू नका. तो पाइपात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत खाली बसू द्या, वरचे पाणी झाडांना न घालता मातीत सोडा आणि ओला गाळ पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. वाळलेला गाळ झाडू नये. खंबायतच्या अकीक कारागिरांमध्ये दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार फार जुना आहे, आणि घरातही दगडाची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. ओले ते ओलेच हाताळा.

झिलई

आता ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड तेवढेच चमचे घाला आणि सात दिवस फिरवा. खडे या टप्प्यात कमी झाले असतील तर भर वाढवा, म्हणजे ते उंचावरून आपटणार नाहीत. शेवटी ही पूडही धुऊन, स्वच्छ पाण्यात साध्या अंगाच्या साबणाचा थोडा किस टाकून काही तास चालवा. खड्यांवरचा पांढुरका पापुद्रा निघतो.

पारख नेहमी कोरड्या खड्यावरच करा, ओला दगड कुठलाही चमकतो. पुसलेल्या खड्यात दिव्याचे प्रतिबिंब रेखीव दिसले तर काम झाले. सगळेच खडे धुरकट असतील तर ५०० नंबरचा टप्पा पुन्हा करा. कडाच तेवढ्या पांढुरक्या असतील तर खडे आपटले आहेत: आधी गोळ्या वाढवा, मग ५०० वर परत जा.