सर्व्हरच्या ॲरेसाठी हार्ड डिस्क तयार करताना या चुका टाळा

कुडाळपासून चिपळूणपर्यंत लग्नाचं शूटिंग करणारे स्टुडिओ, काजूचे कारखाने, पतसंस्था अशा कितीतरी ठिकाणी आता चार-सहा डिस्कचा छोटा सर्व्हर दिसतो. डिस्क मुंबईहून पार्सलने येतात, खोका उघडतो आणि त्याच संध्याकाळी रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली साठवण, म्हणजेच ॲरे) तयार! मग ऐन पावसाळ्यात एक डिस्क ॲरेबाहेर पडते आणि सगळे कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या मते डिस्क ॲरेत घालण्याआधी एक आठवडा तिच्यासाठी राखून ठेवावा, आणि तोही मृगाच्या आधीचा.

थंड डिस्क लगेच चालू करणे

एसीच्या खोलीतली डिस्क पडवीत आणली की तिच्यावर दव धरतं. आपल्याकडच्या दमट हवेत तर हमखास. पिशवी बंदच ठेवा, डिस्क काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. साध्या डिस्कवर हवेसाठी बारीक भोक असतं. लेबल चिकटवताना ते झाकू नका.

फक्त टीबी आणि किंमत पाहणे

एसएमआर प्रकारात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, तसंच इथे लिहिताना होतं. एकट्या डिस्कवर हे फारसं जाणवत नाही, पण ॲरे पुन्हा बांधताना ती रांगायला लागते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलमध्ये एसएमआर असल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. म्हणून खोक्यावरच्या ‘एनएएस’ (नेटवर्कवरची सामायिक साठवण) या शब्दावर भरवसा नको. मॉडेल नंबर घालून कंपनीच्या डेटाशीटमध्ये सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेला प्रकार) लिहिलंय का ते बघा.

डेस्कटॉपच्या डिस्कची खोड निराळी. खराब सेक्टर (डेटा साठवण्याचा छोटा कप्पा) वाचण्यासाठी ती मिनिटभरही झगडत बसते. लिनक्स ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम साधारण ३० सेकंद वाट पाहते, मग धडधाकट डिस्कसुद्धा बाद ठरू शकते. एनएएसच्या डिस्क बहुधा ७ सेकंदांत हात टेकतात. स्मार्टसीटीएल या आज्ञेने ही मर्यादा तपासता आणि लावता येते, पण बऱ्याच डिस्क वीज गेली की ती विसरतात. त्यामुळे ही आज्ञा बूटच्या स्क्रिप्टमध्येच टाका. डिस्कला ही सोयच नसेल तर लिनक्सचा टाइमआउट १८० सेकंदांपर्यंत वाढवा.

‘नवी आहे’ यावर विश्वास ठेवणे

जानेवारी २०२५ मध्ये वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं बाहेर आलं. स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीतले) चालू तास शून्यावर आणलेले, पण डिस्कच्या आतल्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत खरे तास शाबूत होते. स्मार्टसीटीएलची नवी आवृत्ती ही नोंद दाखवते. दोन आकडे जुळले नाहीत तर डिस्क परत. सीरियल नंबरवरून वॉरंटीही त्याच दिवशी तपासा.

चाचणी अर्धवट सोडणे

इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. आधी स्मार्टची लांब चाचणी, मग बॅडब्लॉक्स या प्रोग्रॅमची लिहून-वाचून चाचणी, मग पुन्हा लांब चाचणी. बॅडब्लॉक्स चार नमुने लिहितो आणि प्रत्येक वाचून पाहतो, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. ८ टीबीच्या डिस्कचा सरासरी वेग सेकंदाला १८० एमबी धरला तर एक फेरी बारा तासांची, सगळं मिळून चार दिवस. ही चाचणी डिस्कवरचं सगळं पुसते, तेव्हा आज्ञा देण्याआधी सीरियल नंबर दोनदा वाचा.

आणि लाइट? चार दिवसांत ती जाणारच. मधेच गेली की चाचणी बहुधा पहिल्यापासून. घरातला इन्व्हर्टर चालेल, पण त्याचा खटका यूपीएस मोडवर हवा, नाहीतर बदल होताना सर्व्हर रीस्टार्ट होतो. यूपीएस असेल तर त्याची यूएसबी वायर सर्व्हरला जोडून वेळेत शटडाउन होतो का ते आत्ताच पाहा. कातळावरच्या घरात अर्थिंगही तपासून घ्या. उन्हाळ्यात ते सुकलेलं असतं आणि वळवाच्या विजा त्याच सुमारास येतात.

चाचणीनंतर स्मार्टच्या यादीत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांसमोरचे (खराब सेक्टरचे) आकडे बघा. नव्या डिस्कवर ते शून्याच्या वर गेले तर वाद न घालता ती बदलून घ्या. १९९ क्रमांकाचा (डेटा नेताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका. तो बहुतेक वेळा केबलचा किंवा जोडणीचा असतो, आणि खाऱ्या वाऱ्यात पिना हिरवट पडायला वेळ लागत नाही. केबल बदला, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. हा आकडा मागे येत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि पुढे वाढतो का तेवढंच पाहा.

जुन्या डिस्क तशाच जोडणे

आधीच्या रेडच्या खुणा वाइपएफएस या आज्ञेने पुसा. भंगारातल्या मोठ्या स्टोरेजमधल्या सॅस (मोठ्या सर्व्हरसाठीच्या जोडणीच्या) डिस्कचे सेक्टर ५२० बाइटचे असू शकतात, ते ५१२ चे केल्याशिवाय लिनक्स त्या वापरत नाही. एक्स्टर्नल खोक्यातून काढलेली डिस्क फिरतच नसेल तर पॉवरच्या तिसऱ्या पिनला येणारे ३.३ व्होल्ट हे कारण असू शकतं. त्या पिनेवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी पट्टी) लावा.

शेवटी, ॲरे बांधताना लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावं वापरू नका. रीबूटनंतर ती बदलतात. सीरियल नंबर असलेली ओळख वापरा, पार्टिशन पूर्ण आकारापेक्षा थोडं लहान ठेवा, कारण पुढे दुसऱ्या कंपनीची डिस्क काही एमबींनी कमी भरू शकते. आणि प्रत्येक ट्रेच्या पुढच्या बाजूला सीरियलचे शेवटचे चार अंक मार्करने लिहा. रात्री टॉर्चच्या उजेडात डिस्क बदलताना चुकून चांगली डिस्कच ओढली जाते.