वाळवंटातलं घर: आधी घड्याळ, मग नकाशा

वाळवंटात घर बांधायला निघालेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एसी किती टनाचा लागेल हाच असतो. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवते. घरातलं कोण किती वाजता कुठे असतं, ते लिहा. आजी दुपारी कुठे पडतात, मुलं अभ्यासाला कधी बसतात, चूल कधी पेटते. कोरड्या वाळवंटात दुपार आणि पहाट यांच्यात पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे गारवा रोज रात्री दारात येऊन उभा राहतो. तो आत घ्यायचा, भिंतींत साठवायचा आणि दुपारी वापरायचा. आराखडा त्यासाठीच करायचा.

सुरुवात पश्चिमेच्या भिंतीपासून करा. नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता आरपार यायला साधारण सहा-सात तास लागतात. दुपारी चारचं ऊन आत पोचतं रात्री दहा-अकराला, नेमकं अंथरूण घालायच्या वेळी. रात्रीची जेवणं झाली की त्या भिंतीला आतून तळहात लावून बघा: बाहेर वारा गार झालेला असतो आणि भिंत मात्र गरम लागते. दीड फुटी मातीच्या भिंतीत हाच प्रवास बारा तासांच्या आसपास जातो. उष्णता आत येते ती बरीच मंदावून, पहाटे, खिडक्या उघड्या असताना, आणि वाऱ्याबरोबर निघून जाते.

म्हणून दिवसा वापरायच्या खोल्यांना जाड भिंती द्या. फक्त रात्री वापरायच्या खोल्या हलक्या बांधल्या तरी चालतात, कारण त्या अंधार पडला की लवकर निवतात. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली असं काहीतरी ढकला. विटेचंच घर करणार असाल तर उष्णतारोधक थर बाहेरून लावा आणि वर गिलावा करा. आतून लावलात तर भिंतीत साठलेला गारवा खोलीपर्यंत पोचतच नाही. मातीचं बांधकाम असेल तर जोतं दगडाचं आणि निदान दीड फूट उंच हवं. वाळवंटात पाऊस थोडा पडतो, पण पडतो तेव्हा झोडपून काढतो.

छताकडे लोक कमी लक्ष देतात याचं मला वाईट वाटतं, कारण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन तेच झेलतं. उघडा काँक्रीटचा स्लॅब संध्याकाळपर्यंत तापून खोलीवर आग ओकतो. स्लॅबवर रोधक थर, त्यावर जलरोधक, वर पांढरा चुना किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे. धूळ बसली की पांढऱ्याचा उपयोग घटतो, तेव्हा गच्ची झाडायला सोपी ठेवा.

खिडक्यांचं गणित सूर्याच्या उंचीचं आहे. उत्तर गोलार्धात उन्हाळ्याच्या भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे खूप वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला बेताचा छज्जा पुरतो. दक्षिण गोलार्धात हेच उत्तरेला लागू. पूर्व-पश्चिमेला सूर्य खाली उतरतो, छज्जा निकामी होतो. तिथे खिडकी लहान आणि बाहेरून झापडं किंवा जाळी. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो.

रात्रीची हवा आत यायला खालच्या खिडक्या हव्यात आणि तापलेली हवा निघायला वर वाट हवी. इराणमधल्या यझ्द शहराचे वाराबुरूज, म्हणजे वारा पकडून घरात उतरवणारे आणि तापलेली हवा वरून बाहेर सोडणारे मनोरे, प्रसिद्ध आहेत. तिथल्या दौलताबाद बागेतला तर 33 मीटर उंच आहे. साध्या कुटुंबाच्या घरात मी तसा बुरूज सहसा सुचवत नाही. जिन्याच्या डोक्यावर जाळी लावलेली मोठी झडप ठेवली की जिना तेच काम करतो. चौक असेल तर अरुंद आणि उंच ठेवा, रुंद चौक दुपारी भट्टी होतो. सकाळी ऊन चढण्याआधी सगळं बंद. ही सवय घरातल्यांना लागली नाही, तर जाड भिंतींचा खर्च वाया गेला.

पंखा खोली गार करत नाही, माणसाला करतो. तो जिथे माणसं बसतात तिथेच लावा. पाण्याचा कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो, मात्र त्याला समोरची खिडकी उघडी लागते. पाण्याचा हिशेब सोपा आहे: 100 चौरस मीटर गच्चीवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 लिटर. टाकी जमिनीखाली, झाकलेली. न्हाणीचं पाणी पश्चिमेच्या झाडांना. सौर पॅनेल गच्चीपासून उचलून बसवा. सावलीही मिळते आणि खालून वारा खेळला की वीजही जास्त देतात.

वास्तुविशारद हसन फाथी यांनी 1940 च्या दशकात इजिप्तमध्ये लुक्सरजवळ न्यू गुर्ना हे मातीच्या विटांचं गाव उभारलं. बांधकाम सुंदर होतं, पण ज्यांच्यासाठी बांधलं त्यातले बरेचजण तिथे राहायला गेलेच नाहीत. म्हणून नकाशा पक्का करण्याआधी तो स्वयंपाक करणाऱ्या माणसाला दाखवा. सगळ्यात जास्त उकाडा त्याच्या वाट्याला येतो. उन्हाळ्यासाठी चौकात सावलीखाली दुसरा ओटा हवा का, धूर कुठून जाईल, दळणाचे डबे कुठे राहतील, हे त्यालाच विचारा आणि तो म्हणेल तशी रेघ बदला.