वहीतल्या खुणा आणि दारातली जाऊ

माझ्या कपाटात एक शंभर पानी वही आहे. पट्टीने आखलेले चार रकाने : पहाटेची प्रार्थना, वचनवाचन म्हणजे बायबलवाचन, उपास, आणि दशांश म्हणजे मिळकतीचा देवाला द्यायचा दहावा भाग. जमलं की लाल पेनाने बरोबरची खूण. दवाखान्यात नर्स म्हणून चार्ट भरायचा हात होता, तोच मी भक्तीला लावला. एका लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, पहाटेच माझ्या धाकट्या जावेने दार वाजवलं. मी बायबलमधलं लेवीय हे पुस्तक वाचत होते. अध्याय मधेच सोडला तर खूण करता येणार नव्हती, म्हणून "थांब गं" एवढंच म्हणाले. आमेन म्हणून दार उघडलं तेव्हा ओटा रिकामा होता. तिचं लेकरू रात्रभर तापाने फणफणत होतं आणि तिला कोणीतरी येऊन बघायला हवं होतं. मी नर्स, आणि आत बसून राहिले.

लेकरू बरं झालं. पण त्या दिवसाच्या चारही खुणा मला टोचत राहिल्या. तेव्हापासून जे शिकले, ते आमच्या महिला मंडळातल्या तरुण सुनांना सांगते. तेच इथे लिहिते.

आधी हे सांगते, की पवित्रतेचा ध्यास सोडू नका. कर्मठपणाला विटून काहीजणी प्रार्थनाही सोडतात आणि "आपण आता कृपेत आहोत" म्हणतात. कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, हा प्रश्न प्रेषित पौलाने रोमकरांना पत्र लिहिताना स्वतःच विचारला आणि साफ नाही म्हटलं. आज्ञा पाळणं म्हणजे परूशीपणा, म्हणजे येशूच्या काळातल्या परूश्यांसारखा नियमांचा ताठा, नव्हे. पाळण्याच्या जोरावर देवापुढे उभं राहू पाहिलं, किंवा शेजारच्या बाकावरच्या बाईला त्याच पट्टीने मोजलं, की तो सुरू होतो.

म्हणून दिवसाचा क्रम बदला. उठल्यावर पहिली पाच मिनिटं काही मागू नका, काही कबूलही करू नका. ख्रिस्ताने काय केलं आहे ते मोठ्याने म्हणा, आभार माना. बायबलमधल्या निर्गमाचा विसावा अध्याय उघडून बघा : पहिल्या आज्ञेच्या आधी देव म्हणतो, मी तुला मिसरातून, दास्यातून बाहेर आणलं. सुटका आधी, आज्ञा नंतर. इफिसकरांच्या पत्रातही पहिले तीन अध्याय देवाने काय केलं याचे, आणि कसं चालावं हे चौथ्यापासून. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनीच पुढे लिहिलं. एवढ्या विदुषीला आठ वर्षं लागली, तर तुम्ही आम्ही घाई कशाला करायची?

मग आपल्या प्रत्येक नेमापुढे एका माणसाचं नाव लिहा. या नेमाने कोणाचं भलं होतं? मी शुक्रवारी दुपारी जेवत नाही. तो डबा आता गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्या आजींकडे जातो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास असाच आहे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा. ज्या नेमापुढे कोणाचंच नाव सुचत नाही, तो प्रार्थनेत देवापुढे ठेवा. काही नेम फक्त त्याच्या सहवासासाठी असतात, ते राहू द्या. नुसत्या खुणेसाठी असलेले गळू द्या.

नेम मोडला तर भरपाई करू नका. आज वाचन चुकलं म्हणून उद्या दुप्पट, हा हिशेब वधस्तंभावर फिटलेलं देणं पुन्हा फेडू पाहतो. उद्या फक्त उद्याचं वाचा.

पाप मात्र नाव घेऊन कबूल करा. "प्रभू, मी कमी पडले" एवढ्यावर सुटका करून घेऊ नका. "मी सुनेला पाहुण्यांसमोर टाकून बोलले" असं म्हणा आणि त्याच दिवशी सुनेकडे जा. मला हेच सगळ्यात जड गेलं. जावेकडे जायला तीन दिवस लागले. मी माफी मागितली. ती काही बोलली नाही, चुलीवर आधण ठेवलं आणि कप पुढे केला. लेंटमध्ये मी चहा सोडला होता. तो मी घेतला, आणि उपास मोडल्यासारखं मला एकदाही वाटलं नाही.

आपले नेम दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका, मुलांच्या तर नाहीच. खाण्यावरून किंवा दिवस पाळण्यावरून एकमेकांना दोष लावू नका, असं सांगणारा रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय घरात सगळ्यांनी मिळून वाचा. मला रविवारी ड्यूटी असायची, तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या काहीजणी पाठीमागे बोलत. येशूने वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथ दिवशीच, म्हणजे काम न करण्याच्या विसाव्याच्या दिवशीच, बरं केलं, ही गोष्ट तेव्हा मला फार धीर द्यायची. तरी निवृत्तीनंतर मीच उपासनेला न आलेल्यांची मोजदाद करू लागले होते. आता एखादी दिसली नाही, तर दुपारी तिच्या घरी जाते. का आली नाहीस, हे विचारत नाही. बसते, आणि तिच्यासोबत एक स्तोत्र वाचते.

वही अजून आहे. चार रकाने मी खोडले. पानावर एकच ओळ लिहिते : आज दारात कोण आलं होतं.