घरबसल्या रेडिओत शोधा मंद कृष्णविवर

खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीपर्यंत जायची गरज नाही. जवळच्या दीर्घिकेतलं मंद (थोडंच गिळणारं, म्हणून फिकं) कृष्णविवर नागपुरातल्या घरी, साध्या लॅपटॉपवर तपासता येतं. सगळा डेटा मोफत आहे. सरावाला एम१०४ (सोंब्रेरो दीर्घिका) घ्या. मेच्या मध्यात रात्री साडेनऊला ती नागपूरहून दक्षिणेला ५७ अंशांवर असते. गच्चीवरच्या दुर्बिणीत तिचा मधला भाग ठळक दिसतो, पण तो ताऱ्यांचा उजेड. त्यावरून काही ठरत नाही. कृष्णविवराची खूण म्हणजे केंद्रकातला बारीक रेडिओ स्रोत.

नासाच्या नेड कोशातून केंद्रकाचे निर्देशांक आणि अंतर घ्या (९.५ मेगापार्सेक, म्हणजे सुमारे ३.१ कोटी प्रकाशवर्षं). त्या जागेची व्हीएलएएसएस या रेडिओ सर्वेक्षणाची ३ गिगाहर्ट्झची फिट्स (खगोलचित्राची) फाइल उतरवून कार्टा किंवा डीएस९ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. रिकाम्या भागात आरएमएस (चित्रातल्या गोंगाटाची पातळी) मोजा, तो ०.१२ मिलिजान्स्कीच्या (रेडिओ तेजाचं एकक) आसपास येतो. त्याच्या पाचपट वर असेल तोच स्रोत माना, आणि तो केंद्रकापासून साधारण एका आर्कसेकंदाच्या (अंशाचा ३६००वा भाग) आत हवा. पहिल्या फेरीच्या क्विक लुक (घाईने तयार केलेल्या) चित्रांत स्रोताचं शिखर सुमारे १५ टक्के कमी भरतं, त्यामुळे दशांशांवरून वाद घालू नका.

तेजस्विता काढायला मेगापार्सेकमधल्या अंतराचा वर्ग, मिलिजान्स्की आणि १.२ × १०चा १७वा घात यांचा गुणाकार करा. एम१०४चा गाभा १०० मिलिजान्स्कीच्या घरात, म्हणजे साधारण १०चा २१वा घात वॅट प्रति हर्ट्झ.

खरी गोची स्पेक्ट्रल इंडेक्समध्ये, म्हणजे वारंवारतेनुसार तेज बदलण्याच्या उतारात होते. तो काढायला दुसरी वारंवारता लागते, ती १.४ गिगाहर्ट्झच्या एनव्हीएसएस या जुन्या सर्वेक्षणातून मिळते. त्याचा बीम (चित्रातला सगळ्यात लहान ठिपका) ४५ आर्कसेकंदांचा. एम१०४च्या अंतरावर तो दोन किलोपार्सेक झाकतो आणि अतिनवताऱ्यांचे अवशेषही त्यात येतात. व्हीएलएएसएसचा २.५ आर्कसेकंदांचा, म्हणजे फक्त ११५ पार्सेक. दोन्ही आकडे थेट ताडले की उतार खोटा तीव्र येतो. कासा या सॉफ्टवेअरच्या आयएमस्मूथ आज्ञेने आधी बीम सारखा करा, तरी व्हीएलएएसएसने मुळातच न टिपलेलं पसरट उत्सर्जन परत येत नाही. शिवाय एनव्हीएसएस १९९३ ते ९६चा, व्हीएलएएसएस २०१७पासूनचा; असे गाभे मधल्या काळात बदलतात, एम८१ या दीर्घिकेचा तर हमखास.

इंडेक्स −०.५च्या वर, म्हणजे कृष्णविवराच्या गाभ्यासारखा सपाट आला म्हणून लगेच खूश होऊ नका. आयनित हायड्रोजनच्या ढगांचा −०.१ असतो. म्हणून तेजस्विता-तापमान (एवढं तेज द्यायला वस्तू किती तापलेली हवी ते) काढा: १२२२ गुणिले मिलिजान्स्की, आणि त्याला गिगाहर्ट्झचा वर्ग व आर्कसेकंदातल्या बीमचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागा. एम१०४ला सुमारे २,२०० केल्विन येतं. आयनित वायूच १०,००० केल्विनचा असतो, तेव्हा एवढ्यावर निकाल देता येत नाही. ताराजन्माची शक्यता बाद करायला एक लाख केल्विनच्या बरंच वर जावं लागतं, आणि ते मिलिआर्कसेकंद पाहणाऱ्या व्हीएलबीआयलाच (दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून केलेल्या निरीक्षणालाच) जमतं. एम१०४साठी तशी निरीक्षणं प्रसिद्ध आहेत. तुमच्या दीर्घिकेची नसतील तर त्याच जागी ‘चंद्रा’ या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या चित्रात बिंदुस्रोत आहे का पाहा. तोही नसेल तर तुमच्या नोंदीत ‘संभाव्य’ एवढंच लिहा.