चार पानांचं पत्र आणि पेन्सिलीची रेघ

लोकप्रतिनिधीला लिहिलेलं माझं पहिलं पत्र चार पानी होतं. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते, तळ्यात मासे मरून वर आले होते आणि डोकं तापलेलं होतं. रात्री बसले आणि एकटाकी लिहून काढलं. सुरुवात पृथ्वीपासून. मग ओझोन, मग तापमानवाढ, मग पुढच्या पिढ्या. तिसऱ्या पानाच्या तळाशी एकदाचं ते तळं आलं. कारखान्यांनी विष सोडलंय, असं बेधडक ठोकून दिलं होतं. शेवटची ओळ तेव्हा मला फार भारदस्त वाटली होती: ‘तरी आपण या प्रश्नाकडे गांभीर्याने लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.’

तीन आठवड्यांनी दोन ओळींची पोच आली. पत्र मिळालं, आभारी आहोत.

यांना कशाचं काही पडलेलंच नाही, असं म्हणून मी तो विषय बंद केला. पुढे दीड वर्षाने, निव्वळ योगायोगाने, दुसऱ्याच एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात सहा महिने टपाल हाताळायचं काम मिळालं. पर्यावरणावर लिहू पाहणाऱ्या नव्या मुलामुलींना मी जे सांगते, त्यातलं बरंचसं त्या टेबलावर शिकलेलं आहे.

टपाल आधी साहेबांकडे जात नसे. ते जायचं एका ज्येष्ठ बाईंकडे. टेबलावर तीन ट्रे: पोच द्यायची, संबंधित खात्याकडे पाठवायचं, आणि साहेबांसमोर ठेवायचं. बाई हातात पेन्सिल घेऊन पत्र वाचायच्या आणि फक्त एका जागी रेघ मारायच्या. लिहिणाऱ्याला साहेबांकडून नेमकं काय करून हवंय, ते क्रियापद जिथे असेल तिथे. ‘प्रश्न विचारा’, ‘बैठक लावा’, ‘अमुक दुरुस्तीच्या बाजूने मत द्या’, ‘खात्याला पत्र लिहा’. रेघ मारायला जागाच सापडली नाही, की पत्र पहिल्या ट्रेमध्ये. त्यात खडूसपणा नव्हता. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, “अगं, लक्ष द्या म्हणजे काय करू? फाईलवर शेरा काय मारू, लक्ष दिलं?”

माझी चार पानं आठवली आणि कानशिलं गरम झाली.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर एवढंच लिहा: हा माणूस उद्या सकाळी कार्यालयात आला, तर माझ्यासाठी कुठली एक गोष्ट करू शकतो? सभागृहात प्रश्न मांडणं, कायद्यात दुरुस्ती सुचवणं, मतदान करणं, अंदाजपत्रकात तरतुदीचा आग्रह धरणं, खात्याकडून माहिती मागवणं, अधिकारी आणि नागरिकांना एका टेबलावर बसवणं, जागेवर येऊन पाहणं. लोकप्रतिनिधीच्या हातातली हत्यारं साधारण एवढीच. तो स्वतः नाला साफ करत नाही आणि कारखान्याला टाळंही ठोकत नाही. त्याच्या हातात नसलेली गोष्ट मागितली, की त्याला सुटकेची वाट आपणच करून देतो: “हा विषय माझ्या अखत्यारीत येत नाही.” वाक्य खरंही असतं, त्यामुळे भांडताही येत नाही.

कोणाला लिहायचं हेही त्यातूनच ठरतं. परवानगी कोण देतं, पैसा कोण देतं, तपासणी कोण करतं आणि नियम कोण करतं, ही चार उत्तरं शोधायची. बहुतेक वेळा ती चार वेगवेगळ्या दारांकडे बोट दाखवतात. एकच पत्र चारही दारांत टाकलं, की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. ज्याच्या हातात तुमचं क्रियापद आहे, त्याला मूळ पत्र आणि बाकीच्यांना प्रत. आपण त्याच्या मतदारसंघातले असू, तर ते पहिल्या दोन ओळींतच यायला हवं. आमच्याकडे पत्ता आधी बघितला जायचा, मजकूर मागाहून.

आता पुराव्याकडे येते. माझं सगळ्यात जास्त हसं झालं असतं ते इथेच.

टपालाचं काम संपल्यावर मी पुन्हा त्या तळ्याकडे वळले. या वेळी आधी मोजायचं ठरवलं. ओळखीतून विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं मीटर मिळवलं आणि नऊ दिवस सलग दुपारी आणि पहाटे नोंदी घेतल्या. दुपारी आकडा लिटरला १२ मिलिग्रॅमच्या वर. माझा मीटरवरच विश्वास बसेना, कारण ३० अंश सेल्सियसच्या आसपासचं पाणी हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं. पहाटे उजाडण्याआधी तेच मीटर १.८ दाखवत होतं. बहुतेक माशांना पाचच्या खाली त्रास व्हायला लागतो आणि दोनच्या खाली अनेक जाती तगतच नाहीत.

तळं हिरवंगार झालं होतं. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारचा आकडा फुगलेला. रात्री तेच शेवाळ श्वासासाठी ऑक्सिजन ओढतं, आणि तळाशी मेलेलं शेवाळ कुजवणारे जिवाणूही तेच करतात. हिशेब पहाटे संपतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून धापा टाकतात, आणि त्यात आधी मरतात ते सहसा मोठे मासे. विष असतं तर बहुधा उलट दिसलं असतं, लहान आधी गेले असते. माझ्या जुन्या फोटोंमध्ये काठावर पडलेले मासे जवळपास सगळे हातभर लांबीचे होते. चार पानांत मी ‘विष’ हा शब्द अकरा वेळा लिहिला होता, आणि उत्तर माझ्याच फोटोत पडून होतं.

त्या पहिल्या पत्राची कोणी दखल घेतली नाही, हे एका परीने बरंच झालं. कारखान्यांच्या वकिलाने पाच मिनिटांत त्याच्या चिंध्या केल्या असत्या, आणि पुढे त्या तळ्याबद्दल कोणीही लिहिलं असतं, तरी ‘मागच्या वेळचंच’ म्हणून बाजूला पडलं असतं. खात्री नसलेला आरोप फक्त आपल्यालाच नडत नाही.

शेवाळ माजतं ते खाद्य मिळालं म्हणून, आणि गोड्या पाण्यात ते खाद्य बहुतेकदा फॉस्फरस असतं. यावर एके काळी मोठा वाद होता. १९७० च्या आसपास कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं संयुग, भरपूर असे आणि ते सांडपाण्यातून तळ्यांत येई; पण उद्योगाच्या बाजूने सांगितलं जाई की दोष कार्बनचा आहे. कॅनडात तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रयोगांसाठी राखलेल्या तळ्यांपैकी २२६ क्रमांकाच्या तळ्यावर साधा प्रयोग केला. मधे चिंचोळं असलेलं ते तळं त्यांनी पडदा टाकून दोन भागांत तोडलं. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. ती बाजू हिरवी झाली, दुसरी काळपट निळी राहिली. विमानातून काढलेला त्याचा फोटो जलशास्त्राच्या पुस्तकांत अजून छापला जातो. मला त्यातलं विज्ञान जितकं आवडतं, तितकीच त्याची मांडणी आवडते. तक्ता वाचता न येणाऱ्या माणसालाही तो फोटो एका नजरेत कळतो. आपल्या पत्रालाही असा एक ‘पडदा’ लागतो: नाल्याच्या तोंडाच्या वरचं पाणी आणि खालचं पाणी, पहाटेचा आकडा आणि दुपारचा आकडा. दोनच गोष्टी शेजारी ठेवायच्या. दहा ठेवल्या की वाचणारा नजर फिरवतो आणि पान उलटतो.

मीटर नसेल तर? तर खात्याकडेच आकडे मागा. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातलं दहावं तत्त्व सांगतं की सरकारी यंत्रणांकडे असलेली पर्यावरणाची माहिती नागरिकांना मिळायला हवी. १९९८ चा आरहूस करार त्यात सामील झालेल्या देशांना त्यासाठी बांधून घेतो. अनेक देशांत माहिती मागण्याचे स्वतःचे कायदे आहेत. कधीकधी आकडेच ठेवलेले नसतात, असं उत्तर येतं. ते जपून ठेवा. ‘तपासणी झालेली नाही’ हे अधिकृत कागदावर असणं, हाच तुमच्या पत्राचा सगळ्यात भक्कम मुद्दा होऊ शकतो.

मोठमोठ्या ठरावांचा मोह मात्र आवरा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०२२ रोजी स्वच्छ, निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला, हे खरंच. पण तो देशांवर कायद्याने बंधनकारक नाही, आणि पत्राची सुरुवात त्याने केली की टेबलापलीकडच्या माणसाला वाटतं, भाषण आलं. मी तो शेवटून दुसऱ्या परिच्छेदात अर्ध्या ओळीत टाकते. बऱ्याचदा तिथूनही काढते.

दुसरं पत्र सव्वा पानाचं झालं. विषयाची ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी होती ‘तळ्याच्या प्रदूषणाबाबत’. ‘बाबत’ या शब्दाने संपणारी विषयओळ म्हणजे बाईंच्या पहिल्या ट्रेचं तिकीट. मग ती अशी केली: ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून तळ्यात येणाऱ्या पाण्यातील फॉस्फरसची दरमहा तपासणी सुरू व्हावी, यासाठी सभागृहात प्रश्न विचारण्याची विनंती’. लांब आहे, ऐकायला रुक्ष आहे, पण पत्र तिथेच निम्मं वाचून होतं.

पहिला परिच्छेद असा होता:

‘मी आपल्या मतदारसंघात तळ्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहते. गेल्या दोन वर्षांत या तळ्यात तीनदा मासे मेले. नऊ दिवस मी पाण्यातील ऑक्सिजन मोजला. दुपारी तो लिटरला १२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आणि पहाटे १.८ पर्यंत खाली येतो. नोंदी सोबत जोडल्या आहेत. ही शेवाळ माजल्याची खूण आहे. त्याचे कारण मी सिद्ध केलेले नाही. ते सिद्ध करण्यासाठी लागणारे आकडे प्रक्रिया केंद्राकडे असायला हवेत, आणि मागणी करूनही ते मिळालेले नाहीत.’

‘मी सिद्ध केलेले नाही’ हे वाक्य घालू नकोस, बाजू लंगडी पडते, असं दोघा मित्रांनी सांगितलं. मी ठेवलं. खात्याच्या अभियंत्याने पत्र वाचलं, तर पहिला हल्ला तो तिथेच करणार. जे आपणच मान्य केलंय, त्यावर तो काय बोलणार?

पुढच्या परिच्छेदात समोरच्या बाजूला येणारा खर्च मांडला. फॉस्फरस काढायला तुरटी किंवा लोहाचे क्षार घालून तो गाळाबरोबर खाली बसवता येतो, पण त्यासाठी रसायन लागतं, गाळ वाढतो आणि तो कुठे टाकायचा हा नवा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच मी यंत्रणा बसवा असं मागितलं नाही, आधी मोजा एवढंच मागितलं. पहिली मागणी स्वस्त असली, की नाही म्हणायला कारण शोधावं लागतं. सगळ्यात शेवटी, वेगळ्या कागदावर, सभागृहात जसाच्या तसा वाचून दाखवता येईल असा तीन वाक्यांचा प्रश्न लिहून दिला. ही युक्ती बाईंची. “साहेबांच्या वतीने टिपण मलाच लिहायचं असतं,” त्या म्हणायच्या, “कोणी आयतं आणून दिलं तर मी ते ढकलेन कशाला?”

बाकीचं थोडक्यात. मत देणार नाही ही धमकी नको, आणि ‘आपल्यासारखे कर्तव्यदक्ष’ हेही नको. दोन्ही वाचून तिथली माणसं सारखीच हसतात. छापील मजकुराखाली शेकडो सह्या घेतलेली पत्रं आम्ही मोजायचो, वाचायचो एकच. सह्या घ्यायच्याच असतील तर घ्या, पण त्यातल्या पाचजणांनी तरी आपापल्या शब्दांत लिहिलेलं वेगळं पत्र जोडा: पाणी कोणाच्या घरात वास मारतं, मासेमारी कोणाची थांबली. अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र पाठवून उपयोग नाही. प्रश्न आधी नोंदवावे लागतात, त्या तारखा विचारून घ्या. आवक क्रमांक मागून घ्या आणि पुढच्या प्रत्येक फोनवर तोच सांगा. ‘ते तळ्याचं पत्र’ असं म्हटलं तर शोधणाऱ्याचा जीव जातो.

उत्तर साडेचार महिन्यांनी आलं. मधे मी दोनदा फोन केला होता, एकदा स्वतः जाऊन आले होते. प्रश्न सभागृहात गेला होता, माझी तीन वाक्यं दोन झाली होती आणि एक आकडा चुकला होता. खात्याचं लेखी उत्तर सोबत होतं: केंद्रात फॉस्फरसची तपासणी सध्या होत नाही, ती सुरू करण्याची बाब विचाराधीन आहे.

‘विचाराधीन’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आणि तिसरं पत्र लिहायला घेतलं. आधी आभार, मग चुकलेला आकडा नीट करून, आणि मग विचार किती तारखेपर्यंत पूर्ण होणार ते कळवावे, एवढंच. अर्ध्या पानात मावलं.