ऑफलाईन लिहिलेलं गायब व्हायचं, ते असं थांबलं
मी वेंगुर्ल्याची, पावसात लाईट गेली की नेटपण जातं. ब्राउझरमधल्या लेखनाच्या ॲपात ऑफलाईन मोड चालू होता तरी क्रोम बंद केला की नेट नसताना लिहिलेलं गायब, कथेतला होडीवरचा अख्खा संवाद गेला तेव्हा रडूच आलं. राऊटर बदलला, लॉगआऊट केलं, फरक नाही.

सिंक होईपर्यंत, म्हणजे नेट येऊन ॲपच्या सर्व्हरवर जाईपर्यंत, मजकूर ब्राउझरमध्येच साठतो आणि माझ्या क्रोममध्ये विंडो बंद केल्यावर तो पुसायची सेटिंग चालू होती! आधी नेटवर सगळं सिंक होऊ दिलं. मग क्रोम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, खाली ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज, ऑन-डिव्हाइस साइट डेटा, तिथे डेटा सेव्ह करू द्यायचा पर्याय निवडला. वायफाय बंद करून दोन ओळी लिहिल्या, क्रोम बंद करून उघडला, ओळी जागेवर. इन्कॉग्निटोत (क्रोमच्या खाजगी विंडोत) मात्र टिकत नाही हां.