पाणी घालूनही मोगरा का सुकतो? उन्हाळ्याच्या तोंडावर या चुका टाळा

गुढीपाडवा उलटला की सांगलीत दुपारचा पारा ३८ अंशांच्या आसपास जाऊ लागतो आणि गच्चीवर बाग असलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते: रोज पाणी घालतो, तरी झाड सुकते. अशा वेळी पाणी किती घातले यापेक्षा ते कुठे गेले, हे आधी पाहावे.

गेल्या चैत्रात माझ्या मोगऱ्याने अशीच मान टाकली. दोन्ही वेळा तांब्याभर पाणी घालत होतो आणि ते तळाच्या छिद्रातून लगेच बाहेरही येत होते. त्यामुळे झाडाला पुरेसे मिळते, अशी माझी समजूत होती. अखेर कुंडी आडवी करून मातीचा गड्डा बाहेर काढला, तेव्हा कडेची बोटभर माती ओली आणि आतला गाभा ढेकळासारखा कोरडा निघाला. आपल्याकडची काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसते; आकसताना ती कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून मुळांना न भेटताच निघून जाते. पाणी लगेच खाली आले, हीच खरी धोक्याची खूण असते.

यावर उपाय सोपा आहे. पाण्याने भरलेल्या घमेल्यात कुंडी सावलीत अर्धा तास ठेवावी, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यावी आणि कडेच्या फटीत शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती दाबून भरावी. त्यानंतर वर दोन इंच उसाचे पाचट पसरावे; ते आपल्या भागात सहज मिळते आणि ओल चांगली धरते, फक्त खोडाला चिकटू देऊ नये. संपूर्ण माती बदलण्याची घाई मात्र वैशाखात करू नये, कारण दुखावलेली मुळे त्या उन्हात सावरत नाहीत. ते काम पावसाळ्यासाठी राखून ठेवावे.

दुसरी चूक दयेपोटी होते. भर दुपारी जास्वंदीची पाने लोंबलेली पाहून आपण पाइप हाती घेतो, आणि उन्हात तापलेल्या पाइपमधले पहिले पाणी हाताला चटका देण्याइतके गरम असते. माती ओलसर असतानाही मोठी पाने दुपारी लोंबतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. म्हणून आधी मातीत बोट खुपसून पाहावे आणि पाणी सकाळी लवकर द्यावे. बशीत पाणी साठवून ठेवणे हाही उपाय नव्हे, त्याने मुळे कुजतात आणि डास होतात.

काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नयेत. खाली विटा द्याव्यात आणि पश्चिमेकडून ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट बांधावी. सुकलेल्या झाडाला रासायनिक खत घालणे तर साफ चूक आहे. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर धरत असेल, तर तो खरवडून काढून कुंडीत एकदा भरपूर गोडे पाणी सोडावे, म्हणजे साचलेले क्षार वाहून जातील. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी कीड, दिसल्यास लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळीच फवारावे. उन्हात फवारल्यास पाने करपतात.

माझ्या मोगऱ्याची वरची पाने त्या भिजवणीनंतर तिसऱ्या दिवशी ताठ झाली. दोन फांद्या मात्र गेल्याच, त्या हिरव्या भागापर्यंत छाटाव्या लागल्या.